अंतर्धानविद्या आणि तिचा माग : काही प्राचीन कथांचा तुलनात्मक विचार

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांत या नगरातील रहिवाशांचा उल्लेख येतो. 1973 च्या उत्खननात येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या प्रतिमेशी मिळतीजुळती आहे. प्रतिष्ठानहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील हे एक महत्त्वाचे ठाणे. या मार्गाच्या एका टोकाला, पैठणला, परंपरेने गुणाढ्य आणि त्याची 'बृहत्कथा' यांना स्थान दिले. दुसऱ्या टोकाला, उज्जयिनीत, 'मृच्छकटिक' घडते. दोन्हीकडच्या वाङ्मयात एक पात्र वारंवार भेटते : कोणाला न दिसता घरात शिरणारा आणि त्यासाठी मंत्र, औषध वा योग यांचा आधार घेणारा मनुष्य. गुप्त संचाराच्या या विद्यांपैकी कोणती अधिक उपयुक्त ठरते, याचा विचार येथे केला आहे.

पहिला प्रकार अंजनाचा. कुमारजीवाच्या नावावर असलेल्या चिनी चरित्रात नागार्जुनाच्या तारुण्यातील एक प्रसंग आहे. तो आणि त्याचे तीन मित्र एका मांत्रिकाकडून अदृश्य होण्याचे औषध मिळवितात, ते पापण्यांना लावून राजाच्या अंतःपुरात शिरतात आणि महिनोन्महिने तेथे वावरतात. अखेर दारांपाशी बारीक माती पसरली जाते. शरीर दिसत नाही, पण पावले उमटतात. पहारेकरी हवेत तलवारी चालवितात. तिघे मित्र मरतात. नागार्जुन तेवढा वाचतो, कारण तो राजाच्या अगदी जवळ उभा राहतो आणि तेथे शस्त्र चालविण्याची कोणाची छाती होत नाही. औषधाने त्याला वाचविले नाही, जागेच्या निवडीने वाचविले.

दुसरा प्रकार पादुकांचा. बृहत्कथेच्या परंपरेतील व अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त पुत्रक हा आकाशगामी पादुका मिळवितो आणि रोज रात्री राजकन्या पाटलीच्या महालात जातो. तेथे त्याला कोणी अडवीत नाही. मात्र राजाने नेमलेली एक स्त्री तो झोपला असता त्याच्या वस्त्रावर अळित्याची खूण करते आणि सकाळी हेर त्या खुणेवरून त्याला शोधून काढतात. पळून जाण्यासाठी पादुका पुन्हा कामी येतात हे खरे. परंतु गुप्तता संपली ती संपलीच.

परकायाप्रवेश हा प्रकार सर्वांत प्रभावी आणि म्हणूनच सर्वांत महाग. त्याच ग्रंथात इंद्रदत्त हा मृत नंदराजाच्या देहात शिरतो. त्याचे मूळ शरीर एका देवळात व्याडीच्या पहाऱ्यात ठेवलेले असते. नुकताच मेलेला राजा उठून बसतो आणि एका याचकाला कोटी सुवर्ण देववितो, हे पाहून मंत्री शकटाल सावध होतो व राज्यातील सर्व प्रेते जाळण्याची आज्ञा सोडतो. इंद्रदत्ताला परतण्यासाठी देहच उरत नाही. माती, अळिता, राखेचा ढीग : साधने भिन्न, पण प्रत्येक कथेत विद्येपेक्षा मागावर लक्ष ठेवणारा माणूस वरचढ ठरतो.

'मृच्छकटिका'तील शर्विलक या साऱ्यांहून वेगळा आहे. तिसऱ्या अंकात तो अंगाला योगरोचना लावतो. ती लावली की पहारेकऱ्याला चोर दिसत नाही व शस्त्राचा घाव लागत नाही, अशी त्याची श्रद्धा. प्रत्यक्षात मात्र काम होते ते कसबाने. मोजमापाची दोरी विसरली म्हणून तो जानव्याने भिंत मोजतो, पूर्णकुंभाच्या आकाराचे भोक पाडतो, दिवा विझविण्यासाठी किडा सोडतो. दागिन्यांची पेटी तर झोपेत बरळणारा मैत्रेय स्वतःच त्याच्या हाती देतो. बाहेर पडणारा चोर दासी रदनिकेला दिसतोच. योगरोचनेने नेमके काय साधले, हा प्रश्न नाटककाराने मिस्कीलपणे तसाच ठेवला आहे.

आश्चर्य असे की, 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या खेळातही हीच तुलना रंगते. त्याच्या 2014 च्या नियमपुस्तकात 'आर्केन ट्रिकस्टर' हा प्रामुख्याने भ्रम व मोहिनीचे मोजके मंत्र जाणणारा चोर, म्हणजे जवळजवळ शर्विलकच, आहे. सावलीतून सावलीत जाणारा योद्धा-संन्यासी आहे. अदृश्य होण्याचा मंत्र हल्ला करताच वा दुसरा मंत्र म्हणताच सुटतो. आणि अदृश्य व्यक्तीचा ठिकाणा तिच्या आवाजावरून किंवा उमटलेल्या मागावरून कळू शकतो, असे नियमच सांगतो. नागार्जुनाच्या मित्रांना हा नियम ठाऊक असता तर! अर्थात खेळात अदृश्यता टिकते ती सारे खेळाडू ती मान्य करतात म्हणून.

अशा मान्यतेचा सर्वांत धूर्त उपयोग 'कौटिलीय अर्थशास्त्रा'त आढळतो. त्याच्या चौदाव्या अधिकरणात अदृश्य होण्याच्या विधी आहेत आणि झोप आणणारे मंत्रही आहेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने चौथ्या अधिकरणाचा पाचवा अध्याय अधिक बोलका आहे. सिद्धाच्या वेषातील हेर गुन्हेगारीकडे कल असलेल्या तरुणांना दार उघडण्याचा, अदृश्य होण्याचा व झोप आणण्याचा मंत्र देऊ करतात. ते त्यांना आधीच पढवून ठेवलेल्या गावात नेतात. तेथे मंत्र म्हणताच दार उघडले जाते, जागे पहारेकरी न पाहिल्यासारखे करतात, नंतर झोपेचे सोंग घेतात. विश्वास बसला की खुणा केलेल्या वस्तू असलेल्या घरांत चोरी करविली जाते आणि तरुण पकडले जातात. येथे अदृश्यता चोराच्या अंगी नसून पाहणाऱ्यांच्या संगनमतात आहे. राज्य मंत्रावर विश्वास ठेवीत नाही. तो ठेवणाऱ्यावर राज्य करते.

गुप्तधन दाखविणाऱ्या अंजनाची समजूत महाराष्ट्रात पुढेही टिकून राहिली. गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. कौटिल्याच्या व्यवस्थेत पकडला जातो तो मंत्रावर विसंबलेला तरुण. मंत्र देणारा सिद्ध राजाचाच माणूस असतो. 2013 च्या अधिनियमात आरोपीच्या जागी हा मंत्र देणारा आला.