पाच मिनिटांचा डाव : विसाव्याच्या खेळांचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने संगणकावरच्या फुटकळ खेळांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण खेळ आणि विसावा यांवर बोलणं अ‍ॅरिस्टॉटललाही कमीपणाचं वाटलं नव्हतं. त्याच्या नीतिशास्त्राच्या दहाव्या भागात तो म्हणतो, की माणूस अखंड राबू शकत नाही, म्हणून त्याला विसावा लागतो, आणि खेळ हा विसाव्याचाच प्रकार आहे. खेळावं ते पुन्हा कामाला लागता यावं म्हणून. यातलं पहिलं म्हणणं आम्हाला पटतं. दुसऱ्याबद्दल शंका आहे, ती पुढे सांगतो.

ज्या खेळांबद्दल बोलायचंय ते सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. ब्राउझर उघडला की खेळ सुरू, खिडकी बंद केली की संपला. शिकवणी नको, खर्च नको, जोडीदारही नको. चहा निवेपर्यंत एक डाव होतो. हे नवीन वाटतं, पण यातलं नवीन फक्त यंत्र आहे.

नाणेघाटात जाऊन आलेले इथे कुणी असतील. जुन्नरहून कोकणात उतरणारी ती सातवाहनकाळातली वाट. तिथे कातळावर खेळांचे पट कोरलेले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतही आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या तरुण अभ्यासकांनी लेणी, किल्ले, देवळं पालथी घालून असे पट नोंदवले. दोन ओळींत वाटीसारखे खळगे दिसले तर तो खड्ड्यांचा खेळ, ज्याला अभ्यासक मंकाला म्हणतात. एकात एक तीन चौकोन आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेघा दिसल्या तर नवकंकरी. हीच नवकंकरी युरोपातही दगडांवर कोरलेली सापडते. शिवाय वाघबकरी. हे पट नेमके कधीचे ते सांगणं अवघड असतं, कारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या पायरीवर कुणी दोनशे वर्षांपूर्वीही रेघा ओढलेल्या असू शकतात. पण कुठे कोरलेत ते पाहा. घाटाच्या तोंडाशी, देवळाच्या ओट्यावर, पहाऱ्याच्या जागी. म्हणजे जिथे माणसाला थांबावं लागतं तिथे.

आणि पट दगडात आहे, तो बरोबर नेता येत नाही. ओझ्याचे बैल उठले, पहारा बदलला, की डाव अर्धा टाकून चालू लागायचं. सोंगट्या म्हणजे तरी काय, खडे नाहीतर चिंचोके. विसावा किती हे बैल ठरवणार, ऊन ठरवणार. खेळ ठरवणार नाही. आमच्या मते विसाव्याच्या खेळाची खरी खूण हीच. तो अर्ध्यावर सोडता येतो आणि सोडल्याचं काही वाटत नाही.

आपल्या माणदेशात याला आणखी एक पदर आहे. मेंढरं सावलीला बसली की मेंढक्याला, मोटेचे बैल सोडले की शेतकऱ्याला थोडा वेळ मिळायचा. जमिनीवर काटकीने चार रेघा ओढल्या की पट तयार. बाईमाणसाचं मात्र तसं नव्हतं. जात्यावरून उठली की चूल, चुलीवरून उठली की पाणी, तिच्या दिवसात दुपारची सुट्टी कुणी लिहिलेलीच नव्हती. सागरगोटे आणि काचापाणी हे खेळ तिने त्या फटींत बसवले. पाच खडे पदराला बांधता येतात, आणि हाक आली की मूठ मिटून उठता येतं. (मुलांनी तर खेळाच्या आतच विसावा शोधला. ‘टाइमप्लीज’ म्हटलं की धरणाऱ्यालाही थांबावं लागतं. एवढा कडक पाळला जाणारा कायदा आम्ही दुसरा पाहिलेला नाही.)

विसावा नुसता बैलांवर आणि उन्हावर अवलंबून होता तोवर त्यासाठी भांडावं लागत नव्हतं. तो घड्याळाच्या आणि हजेरीच्या ताब्यात गेला तेव्हा भांडण सुरू झालं. आपल्या शेजारचा राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवडचाही म्हणतात, तो १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या कामांतला. त्या काळात मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर ठरवून दिलेलं काम झालं तर मजुरी, आणि १८७७ च्या सुरुवातीला तीही उतरवली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा. हजारो मजुरांनी ती नाकारली आणि कामं सोडून ते निघून गेले. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने मांडली. अशा कामावर बसून राहिलेलं प्रत्येक मिनिट पोटातून वजा व्हायचं.

सातारा जिल्ह्यातली माणसं पुढे मोठ्या संख्येने मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथे १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन केलं. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक असते, ती १० जून १८९० ला मान्य झाली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्यात दुपारचा अर्धा तास आला, आणि १९४८ च्या कायद्यात सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती आली. आज कचेरीत डबा उघडताना आपण हा अर्धा तास निसर्गाने दिल्यासारखा वापरतो.

आता ती शंका. विसावा पुन्हा काम करता यावं म्हणून, हे अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं एखाद्या चाणाक्ष गिरणीमालकालाही पटलं असतं. यंत्राला तेल देतात तसं माणसाला जरा बसू द्या, सूत जास्त निघेल. मग त्या अर्ध्या तासात माणूस काय करतो, हे पाहण्याचा हक्कही मालकाकडे जातो. आम्हाला हे मान्य नाही. तो अर्धा तास कामगाराचा आहे, त्याने तो डुलकीत घालवावा की नवकंकरीत, याचा हिशेब सुताशी जुळवायचं कारण नाही.

हे भांडण संगणकावरही झालं. १९९० मध्ये विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला आणि जगभरच्या कचेऱ्यांत पोचला. त्याआधीच्या संगणकांवरच्या काही खेळांत तर एक खास कळ असे. साहेब आला की ती दाबायची, पडद्यावर आकड्यांचा तक्ता यायचा! २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी, ब्लूमबर्ग यांनी, एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सॉलिटेअर दिसला म्हणून त्याला कामावरून काढलं. त्याने काम चुकवलं होतं की तो सुट्टीत होता, हा प्रश्न तेव्हाही वादाचा झाला.

ब्राउझरमधल्या खेळांचा बहराचा काळ फ्लॅश या तंत्रावर उभा होता. ते १९९६ ला आलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. हजारो छोटे खेळ त्याबरोबर बुडाले, काही हौशी मंडळींनी जतन केले. १९९७ चा नोकियावरचा साप आपल्यातल्या पुष्कळांनी एसटीची वाट पाहताना पोसलेला आहे. आणि २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरमध्ये आला तो डायनासोर. नेटवर्क गेलं की दिसणारा, निवडुंगावरून उड्या मारत माळावर पळणारा. ज्यांनी तो बनवला त्यांनी माण तालुका पाहिला नसणार, पण चित्र मात्र आपलंच आहे! हा खेळ खऱ्या अर्थाने नाणेघाटाच्या जातीचा. वाट अडली म्हणून खेळायचं, वाट मोकळी झाली की सोडायचं. २०२१ मधला वर्डलही त्याच वळणाचा होता. दिवसाला एकच कोडं, सुटलं की उद्यापर्यंत त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

२०१२ च्या कँडी क्रशपाशी गोष्ट बदलली. तिथे तुम्हाला पाच ‘जीव’ मिळतात. ते संपले की थांबायचं, आणि अर्ध्या तासाने एक जीव परत येतो. थांबायचं नसेल तर पैसे द्यायचे. अर्धा तास! लोखंड्यांनी मालकाकडून जो मागून घेतला तोच काळ आता खेळ तुम्हाला वाट पाहायला लावतो. आधी कामातून सुटून खेळाकडे यायचो, इथे खेळच हजेरी घेतो. सलग सात दिवस आलात तर बक्षीस, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, असली गणितं पुढे कितीतरी खेळांत आली. दगडावरच्या पटाने कुणाला घरी हाका मारल्या नव्हत्या.

यापुढची पायरी पैशाची. आपला पचिसी विलायतेत गेला, १८९६ मध्ये तिथे त्याचं लुडो म्हणून पेटंट निघालं, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या कंपनीने त्याचा लुडो किंग केला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी तो खेळला गेला आणि त्याने पुष्कळांचे दिवस सुसह्य केले. पण त्याच पटावर पैसे लावणारी दुकानंही निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक जुगारी आहे, बेहड्याच्या फासांनी घर उद्ध्वस्त झालेला. पुन्हा जाणार नाही असं तो ठरवतो, आणि फासांचा आवाज आला की निघतो. त्याला खेळ फार आवडतो हे त्याचं दुखणं नाही. त्याला उठता येत नाही, हे आहे. कायदा पैसा अडवू शकतो. हजेरी घेणाऱ्या बिनपैशांच्या खेळांबद्दल तो काही करू शकेल असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी एक काम सांगतो. सिद्धनाथाच्या देवळाच्या, माणगंगेच्या काठच्या, शिखर शिंगणापूरच्या वाटेवरच्या जुन्या पायऱ्या आणि ओटे आपण रोज तुडवतो. तिथे सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, डोक्यावरच्या उन्हात रेघा दिसत नाहीत. खळगे किंवा चौकोन दिसले तर खडूने भरू नका, खिळ्याने उकरू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, दगड कुठला ते लिहा, आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या मेंढक्याला दाखवून त्याचं नाव विचारा. तो नाव सांगेल, आणि बहुधा खडे मागेल.