क्रँकशाफ्टवरचा टायमिंग गिअर जाम झालाय? हातोडा ठेवा, पुलर घ्या

इंजिनाचं पुढचं कव्हर काढलं, चेन उतरवली, मधला मोठा बोल्टही सुटला. पण क्रँकशाफ्टच्या टोकावरचा छोटा गिअर काही केल्या हलत नाही. मित्रांनो, अशा वेळी मनात पहिलं येतं ते म्हणजे 'गंजलाय, घाला दोन ठोके'. पण तो गंजलेलाच असेल असं नाही. अनेक इंजिनांत या गिअरचं भोक मुद्दाम शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवतात आणि गिअर गरम करून किंवा दाबून बसवतात. म्हणजे घट्ट असणं हा बिघाड नाही. तो ओढूनच बाहेर काढायचा असतो.

ठोकलं तर दाते उडू शकतात. शाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला धक्का बसतो. मागून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर आणखी वाईट: अ‍ॅल्युमिनियमच्या भागावर खळगा पडतो, ऑइल सीलच्या जागी चरा गेला की तेल गळत राहतं. गिअर नवा घेता येतो हो, पण खराब झालेला क्रँकशाफ्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खोलावं लागतं!

आता आधी फोन काढा. गिअरवरची टायमिंगची खूण आणि ब्लॉकवरची खूण, दोन्ही दिसतील असा अगदी समोरून फोटो घ्या. तिरका फोटो एका दात्याची फसवणूक करतो.

पुलर म्हणजे मध्ये लांब स्क्रू आणि बाजूला दोन किंवा तीन पाय असलेलं साधन. गिअरला आट्यांची भोकं असतील तर ती पुलरच्या बोल्टसाठीच असतात, तीच वापरा. नसतील तर तीन पायांचा पुलर बरा, जोर सारखा वाटला जातो. पाय दात्यांच्या टोकावर नव्हे, गिअरच्या मागच्या कडेवर बसवा. पुलरचा स्क्रू थेट शाफ्टच्या आट्यांवर टेकवू नका, मध्ये जाड धातूची टोपी ठेवा.

इथे एक धोका लक्षात येत नाही. पुलर आवळताना शाफ्टही फिरू लागतो. चेन नसताना शाफ्ट फिरला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून तो वाकतो. म्हणून शाफ्ट धरून ठेवायची सोय आधी करा.

तरीही हलेना? हॉट एअर गनने फक्त गिअर तापवा. ४० मिमीचं भोक १०० अंश सेल्सिअसने तापलं की साधारण ०.०५ मिमी मोठं होतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पकड सुटायला बहुधा तेवढं पुरतं. झटपट करा, कारण शाफ्टही तापला तर फायदा गेला. उघडी ज्योत मात्र नको, आजूबाजूला पेट्रोल, तेल आणि रबरी सील असतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. ताण सुटताना गिअर फटकन येतो.

गिअर निघाला की अर्धचंद्राकृती चावी लगेच उचलून ठेवा. ती ऑइल पॅनमध्ये पडली तर पॅन उतरवावं लागेल. (काही इंजिनांत चावी नसतेच, तिथे शाफ्ट लॉक करायची खास साधनं लागतात.)

परत बसवताना गिअर गरम करून, खूण बाहेरच्या बाजूला ठेवून सरकवा. चेन चढवल्यावर पान्याने क्रँक हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवा. कॅम तेवढ्यात एकदा फिरतो आणि गिअरवरच्या खुणा पुन्हा जुळायला हव्यात. मध्ये कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, थांबा आणि फोटो पुन्हा बघा.