एक वारसा, अनेक वाटा

इ. स. १८७३ सालीं जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक पुण्यास प्रसिद्ध झालें. तें त्यांनीं कोणा राजास अथवा धनिकास अर्पण केलें नाहीं. नीग्रो गुलामांना दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. समुद्रापलीकडील त्या गुलामांचें आणि सह्याद्रीच्या पायथ्याशीं नांगर धरणाऱ्या शूद्रातिशूद्रांचें दुःख एकाच जातीचें आहे, अशी जोतीरावांची दृष्टि होती. त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्या समाजाचें बीज ज्या ग्रामीण भागांत लवकर रुजलें, त्यांत जुन्नर तालुक्याचें नांव आदरानें घ्यावें लागतें.

दास्यांतून सुटलेला समाज पुढें आपलें मत कोणाच्या पदरांत टाकतो? ज्यानें बेडी तोडली त्याच्या, कीं ज्याच्याकडून उद्यां कांहीं मिळण्याची आशा आहे त्याच्या? आणि सर्वांनीं एकाच बाजूस मत द्यावें, असा कांहीं धर्म आहे काय? हे प्रश्न अमेरिकेंतील कृष्णवर्णीय मतदारांपुढें दीडशें वर्षे उभे आहेत. तेच प्रश्न जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यांपुढेंहि उभे राहिले. दोन्ही ठिकाणीं त्यांचीं उत्तरें एक नाहींत, अनेक आहेत; आणि तीं अनेक कां आहेत हें समजून घेणें उद्बोधक आहे.

प्रथम ओतूरकडे पाहूं. १८८० नंतरच्या दशकांत ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनीं ब्राह्मण पुरोहितावांचून घरचें लग्नकार्य उरकलें. गांवच्या वतनदार जोशांचें म्हणणें असें कीं, विधि आमच्याकडून करवून घ्या अथवा न घ्या, दक्षिणा हा आमचा वतनी हक्क आहे. प्रकरण कोर्टांत गेलें आणि एका खेडेगांवच्या लग्नाची चर्चा मुंबई इलाखाभर झाली. त्याच सुमारास जुन्नर भागांतील कुळांनीं सावकारांच्या जमिनी जाचक अटींवर खंडानें करण्याचें नाकारलें. जमीन पडीक राहिली तरी चालेल, पण तिच्या पायीं घरदार गहाण टाकावयाचें नाहीं, असा त्यांचा निर्धार होता. पुरोहिताची दक्षिणा आणि सावकाराचें व्याज या दोन्ही भारांखालीं वांकलेला कुणबी एकदम ताठ उभा राहिला, असें दृश्य या तालुक्यानें महाराष्ट्रास दाखविलें.

परंतु या बंडखोरांना देवधर्म सोडून दिलेले लोक समजणें चुकीचें होईल. ज्या ओतुरांत हा वाद पेटला, त्याच ओतुरांत तुकोबारायांचे गुरु मानले गेलेल्या चैतन्यमहाराजांची समाधि आहे, आणि श्रावणांतील सोमवारीं कपर्दिकेश्वराच्या देवळांत तांदळाच्या पिंडी पाहण्यास माणसांची रीघ लागते. वारी, एकादशी, कुळाचार, वडिलांचा शब्द या सर्व गोष्टी शेतकऱ्यांच्या घरांत टिकून राहिल्या. मध्यस्थ नको, देव हवा. व्याजखाऊ नको, वडिलोपार्जित जमीन हवी, अशी ती वृत्ति होती. म्हणजे तेथें सुधारणा आणि जुनें वळण एकाच चुलीपाशीं बसून जेवत होतीं. या शेतकऱ्यांस नुसतें ‘सुधारक’ म्हणावें तर अर्धें सत्य, आणि नुसतें ‘सनातनी’ म्हणावें तरीहि अर्धेंच.

अशा माणसांच्या हातीं पुढें मताचा अधिकार आला, तेव्हां काय झालें? १९१९ च्या सुधारणा-कायद्याअन्वयें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मराठे व तत्सम जातींसाठीं ७ जागा राखण्यांत आल्या. सत्यशोधकांच्या वारशावर हक्क सांगणारे पुढारी येथून तीन दिशांना गेलेले दिसतात. भास्करराव जाधवांनीं ब्राह्मणेतर पक्षाच्या वतीनें मंत्रिपद स्वीकारलें. सरकारशीं सहकार्य करून शाळा, नोकऱ्या आणि स्थानिक संस्था बहुजनांच्या हातीं आणाव्या, हा त्यांचा मार्ग. विठ्ठल रामजी शिंद्यांनीं १९२० च्या निवडणुकींत राखीव जागा नाकारली. ते सर्वसाधारण जागेसाठीं उभे राहिले आणि पडले. जातवार मतदान राष्ट्रास घातक आहे, या मतापुढें त्यांना स्वतःचा पराभव लहान वाटला. केशवराव जेधे तर ब्राह्मणेतर चळवळीचे तरुण सेनापति; पण १९३० च्या सुमारास ते काँग्रेसच्या लढ्यांत उतरले, पुढें शेतकरी कामगार पक्षाच्या स्थापनेंत अग्रभागीं राहिले, आणि १९५४ सालीं पुन्हा काँग्रेसमध्यें परतले.

या तिघांपैकीं बहुजनांचा वैरी कोण? तिघांनींहि एकमेकांच्या मार्गाचे दोष दाखविले. पण कुणब्याचें पोर शिकावें आणि त्याची मान ताठ व्हावी, याविषयीं तिघांचें दुमत नव्हतें. भेद होता तो साधनांचा: सरकार आधीं कीं स्वराज्य आधीं, राखीव जागा कीं खुला सामना, जुना पक्ष कीं नवा.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतहि असेंच झालें. १९३७ सालीं मुंबईंत डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसनें उभे केलेले उमेदवार होते पाळवणकर बाळू. हे चर्मकार समाजांतील थोर क्रिकेटपटु. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले होते. १९३२ च्या पुणें कराराच्या वेळीं ते तडजोडीच्या बाजूस होते. नंतर मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनीं हिंदुमहासभेच्या वतीनें लढविली. डॉ. आंबेडकरांनीं त्यांचा सुमारें दोन हजार मतांनीं पराभव केला. १९५२ सालीं मात्र संयुक्त मतदारसंघांत काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले आणि डॉ. आंबेडकर पडले. बाळूंची राजकीय भूमिका चुकीची होती असें मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मतास सबळ कारणेंहि आहेत. पण पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या भांड्यांत चहा प्यावा लागलेल्या या माणसास अस्पृश्यतेचा दाह ठाऊक नव्हता, असें कोण म्हणेल?

आतां जोतीरावांनीं ज्यांचें स्मरण केलें त्या अमेरिकेकडे वळूं. १८७० सालीं घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीनें तेथील कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताधिकारास संरक्षण मिळालें. लिंकन रिपब्लिकन पक्षाचे, म्हणून त्यांचें मत अनेक वर्षे त्याच पक्षास गेलें. दक्षिणेंतील संस्थानांनीं कर, परीक्षा आणि दहशत यांच्या बळावर हा अधिकार पुढें बहुतेक हिरावून घेतला. तो खऱ्या अर्थानें परत मिळाला १९६५ च्या कायद्यानें. मध्यंतरीं १९३६ च्या निवडणुकींत, मंदीच्या दिवसांत रोजगार देणाऱ्या रूझवेल्टकडे या मतदारांचा मोठा लोट वळला. १९६४ सालीं नागरी हक्कांच्या कायद्यास विरोध करणारे गोल्डवॉटर रिपब्लिकनांचे उमेदवार झाले, तेव्हां उरलासुरला धागाहि तुटला. तेव्हांपासून अध्यक्षाच्या निवडणुकींत या समाजाचें फार मोठें बहुमत डेमोक्रॅटिक पक्षास मिळत आलें आहे.

येथें एक मौज आहे. यांतील कित्येक मतदार चर्चला नेमानें जाणारे, कुटुंब, शिस्त व काटकसर यांविषयीं जुन्या वळणाचे आहेत. विचारल्यास ते स्वतःस परंपरावादी म्हणवितात. मत मात्र परंपरावादी म्हणविणाऱ्या पक्षास देत नाहींत. घरचें वळण एक आणि मतपेटीचें वळण दुसरें! समाजावर संकट आल्यास कोण पाठीशीं उभा राहील, हा हिशेब त्यांना अधिक महत्त्वाचा वाटतो. ओतूरच्या वारकरी सत्यशोधकास हें कोडें अवघड वाटलें नसतें.

आणि जे उघडपणें परंपरावादी पक्षांत गेले, त्यांचें तरी एकमत आहे काय? बुकर वॉशिंग्टन यांनीं १८९५ मध्यें आधीं हस्तकौशल्य व मालमत्ता, मग राजकीय हक्क, असा उपदेश केला. ड्यूबॉइस यांनीं त्यांस कडवा विरोध केला. १९६६ सालीं सिनेटवर निवडून आलेले एडवर्ड ब्रूक रिपब्लिकन होते आणि नागरी हक्कांचे कैवारीहि होते. १९९१ पासून सर्वोच्च न्यायालयांत असलेले क्लॅरेन्स थॉमस यांच्या मतें वंशाच्या आधारावर सवलत देणें हा त्या वंशाचाच अपमान आहे. त्याच पक्षाचे सेनापति कॉलिन पॉवेल यांनीं २००० सालीं पक्षाच्या अधिवेशनांतच अशा सवलतींची बाजू घेतली, आणि २००८ सालीं ओबामांस उघड पाठिंबा दिला. एकाच छत्राखालीं उभ्या असलेल्या या दोघांत किती अंतर!

जुन्नर-आंबेगांवांत तरी निराळें काय आहे? २०१४ या एकाच वर्षाचे निकाल पाहावे. या दोन्ही तालुक्यांचा समावेश असलेल्या शिरूर लोकसभा मतदारसंघांतून शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील निवडून आले. कांहीं महिन्यांनीं विधानसभेच्या निवडणुकींत जुन्नरनें महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शरद सोनवणे यांना निवडलें. त्या पक्षाचा राज्यांत निवडून आलेला तो एकमेव आमदार. शेजारच्या आंबेगांवनें राष्ट्रवादी काँग्रेसचे दिलीप वळसे पाटील यांस कौल दिला. तोच शेतकरी, तोच कांदा, तेंच धरणाचें पाणी, आणि तीन निशाण्या! जातीवरून अथवा धंद्यावरून मत आधींच ओळखूं पाहणाऱ्या ज्योतिषांची येथें फजिती होते.

एकजुटीचें महत्त्व मात्र कमी लेखूं नये. दुबळ्या समाजाचें बळ त्याच्या संख्येंत असतें. तीं मतें फुटलीं कीं बळ जातें, हा अनुभव खोटा नाहीं. म्हणून वेगळी वाट धरणाऱ्यास त्याच्या निर्णयाचे परिणाम स्पष्ट शब्दांत दाखविणें हें कर्तव्यच आहे. पण परिणाम दाखविणें निराळें, आणि ‘तूं आमचा नव्हेस’ असें म्हणून त्यास पंगतींतून उठविणें निराळें. पहिल्यानें समाज शहाणा होतो. दुसऱ्यानें नवी जातपंचायत उभी राहते.

ओतूरच्या त्या वादांत मूळ मुद्दा दक्षिणेच्या चार पैशांचा नव्हता. माझ्या घरच्या कार्यांत माझ्या संमतीवांचून कोणी मध्यस्थ घुसूं नये, एवढाच तो होता. जें लग्नमंडपास लागू, तेंच मतदानाच्या खोलीस लागू आहे. तेथेंहि मतदार आणि त्याची विवेकबुद्धि यांच्यामध्यें वतनी हक्क सांगणारा पुरोहित नको. मग तो परका असो कीं आपल्याच जातीचा असो.