कॉकपिटचं दार

हवाई दलातून एअरलाइनमध्ये आलेल्या वैमानिकाला पहिली सवय मोडावी लागते ती हाताची. तिकडे विमान गरजेप्रमाणे पिळायचं, पाडायचं, उचलायचं. इकडे मागे बसलेल्या आजींच्या कपातला चहा हिंदकळता कामा नये. मी हवाई दलाच्या एएन-32 विमानावरून प्रवासी विमानांवर आलो तेव्हा हे शिकायला मला बराच काळ लागला. पण नव्या वैमानिकांना सुरक्षेचा विषय शिकवताना मी सुरुवात करतो ती एका अशा कॅप्टनपासून, ज्यांनी ती जुनी सवय मोडू दिली नव्हती.

उरी बार-लेव्ह. इस्रायली हवाई दलातून एल अल कंपनीत आलेले. 6 सप्टेंबर 1970 रोजी त्यांचं बोइंग 707 अॅमस्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघालं होतं. निघण्यापूर्वीच दोन प्रवाशांचा संशय आला म्हणून त्यांना विमानात घेतलं गेलं नाही. त्या दोघांनी पॅन अॅमच्या जंबोची तिकिटं काढली, ते विमान कैरोला नेलं आणि तिथे उडवून दिलं. बार-लेव्ह यांच्या विमानात मात्र आणखी दोघं बसलेली होती: लैला खालेद आणि पॅट्रिक अर्ग्वेलो. विमान वर चढल्यावर ती दोघं हातबॉम्ब आणि पिस्तूल घेऊन उठली. दार उघडा, नाहीतर विमान उडवू, असा निरोप कॉकपिटमध्ये आला.

दार उघडलं नाही. बार-लेव्ह यांनी विमानाचं नाक खाली दाबलं.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नाक झटकन दाबलं की विमान खाली जातं, पण आतली सुटी वस्तू तितक्या लगेच जात नाही. एएन-32मध्ये असं झालं की फरशीवरची धूळ, कुणीतरी विसरलेला एखादा नट, सगळं डोळ्यांसमोर तरंगायला लागायचं. त्या 707मध्ये प्रवासी पट्ट्यांनी बांधलेले होते आणि अपहरणकर्ते उभे होते. ते कोसळले. अर्ग्वेलो मारला गेला, खालेद पकडली गेली. श्लोमो विदर नावाच्या कर्मचाऱ्याला गोळ्या लागल्या होत्या. त्याचा जीव वाचावा म्हणून विमान लंडनला उतरवलं आणि तो वाचला. त्याच दिवशी अपहरण झालेली टीडब्ल्यूए आणि स्विसएअरची विमानं जॉर्डनच्या वाळवंटात उतरवली गेली, आणि सहा दिवसांनी ती जगाच्या कॅमेऱ्यांसमोर स्फोटकांनी उडवली गेली.

यातून जगाने दाराचा धडा घ्यायला हवा होता. तो घेतला नाही. बहुतेक कंपन्यांनी वैमानिकांना उलटंच शिकवलं: अपहरणकर्ता म्हणेल तसं करा, विमान जमिनीवर आणा, बोलणी जमिनीवरचे लोक करतील. त्या सल्ल्यालाही कारण होतं. अपहरणकर्त्याला तेव्हा वैमानिक जिवंत हवा असे.

आपल्याकडे तर धाक नुसता नावाचा असला तरी पुरत असे. 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ हे फोकर विमान लाहोरला नेलं गेलं ते खोट्या शस्त्रांच्या बळावर. डिसेंबर 1978मध्ये दोघा पांडे मंडळींनी इंदिरा गांधींच्या सुटकेसाठी लखनौ-दिल्ली विमान वाराणसीला वळवलं, तेव्हा हातात खेळण्यातलं पिस्तूल होतं. पुढे दोघंही उत्तर प्रदेशात आमदार झाले. मला या गोष्टीचा आजही संताप येतो. डिसेंबर 1999मध्ये अपहरण झालेल्या आयसी 814 विमानाचे कॅप्टन देवी शरण यांच्यासमोरची शस्त्रं मात्र खरी होती. अमृतसरला विमान जमिनीवर होतं, इंधन संपत आलं होतं, आणि कॉकपिटमधली माणसं जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढत होती. जमिनीवरच्या निर्णयाची वाट पाहत.

11 सप्टेंबर 2001ला वैमानिक जिवंत हवा असण्याची गरजच संपली. अपहरणकर्ते स्वतः त्या खुर्चीत बसले. त्या दिवशीच्या चार कॅप्टनांपैकी तिघे सैन्यातून आलेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जॉन ओगोनोव्स्की हवाई दलातले. व्हिक्टर साराचिनी नौदलातले. चार्ल्स बर्लिंगेम नौदलात फँटम उडवायचे. राखीव अधिकारी म्हणून ज्या पेंटॅगॉनमध्ये त्यांनी काम केलं, त्याच इमारतीवर त्यांचं विमान आदळवलं गेलं. विमान उडवण्यात ही माणसं कुठेच कमी नव्हती. त्यांच्या पाठीमागचं दार तकलादू होतं, आणि कुणाला विरोध करू नका हे त्यांना शिकवलेलं होतं.

नोव्हेंबर 2003पासून मोठ्या प्रवासी विमानांना गोळी न भेदणारं दार जगभर सक्तीचं झालं. मार्च 2015मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने तेच दार आतून बंद ठेवलं, कॅप्टन बाहेर धडका देत राहिले आणि आल्प्समध्ये 150 जण गेले.

पण माझी खरी काळजी आहे ती दार उघडतं त्या क्षणाची. वैमानिकाला बाथरूमला जायचं असतं. तो इंटरफोनवर सांगतो, केबिन क्रू पडदा ओढतात, जेवणाची ट्रॉली आडवी लावतात, एक मुलगी तिच्यामागे उभी राहते, मग दार उघडतं. तेवढा वेळ कॉकपिट आणि प्रवासी यांच्यामध्ये चाकांवरची एक ट्रॉली आणि ती मुलगी, एवढंच असतं. साराचिनी यांच्या पत्नी एलेन यांनी इथे जाळीचं दुसरं दार बसवावं म्हणून वर्षानुवर्षं अमेरिकी काँग्रेसचे उंबरे झिजवले. 2018मध्ये कायदा झाला, 2023मध्ये नियम निघाला, तोही फक्त नव्याने बनणाऱ्या विमानांसाठी आणि अमेरिकी कंपन्यांपुरता.

त्याच 2023मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं वीस-वीस वर्षं उडतील. ती कारखान्यातून बाहेर पडतानाच ती जाळी बसवून घेतली, तर नंतर प्रत्येक विमान हँगरमध्ये उभं करून खर्च करावा लागणार नाही. आपली विमान वाहतूक नियामक संस्था असलेल्या डीजीसीएने तसा नियम आत्ताच काढावा.