रस्त्याच्या आड आलेला वड

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय म्हणजे एक तर हेडफोन घरी राहिलाय, नाहीतर गाडीत गर्दी आहे. गाडीत असाल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट एका रेल्वे जंक्शनवरून सुरू होते.

होटगी. सोलापूरहून पंधराएक किलोमीटर. इथे रेल्वे दोन दिशांना फुटते, एक लाईन वाडीकडे, दुसरी विजापूर, बागलकोट करत गदगला. सोलापूरपर्यंत रेल्वे आली १८६० मध्ये. पुढे रायचूरला पोचली १८७१ ला, आणि होटगी–गदग ही मीटरगेज लाईन सुरू झाली १८८४ मध्ये. आपल्याला शाळेत रेल्वे म्हटलं की इंजिन, ठाणे आणि १८५३ एवढंच शिकवलं. रुळांच्या खाली काय असायचं, हे कुणी विचारलं नाही.

खाली लाकूड असायचं. आज सिमेंटचे स्लीपर दिसतात, पण तेव्हा एका मैलाला साधारण १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागायचे. साग, साल, देवदार. होटगीहून गदगपर्यंत किती मैल होतात आणि किती झाडं होतात, हा हिशेब तुम्हीच मोबाईलवर करा. इंग्रजांनी १८६४ मध्ये वनखातं काढलं आणि जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिश ब्रँडिस यांना त्याच्या डोक्यावर बसवलं, ते काही झाडांच्या प्रेमापोटी नव्हे. जंगलं अशीच तुटत राहिली तर उद्या स्लीपर कुठून आणायचे, ही काळजी त्यामागे मोठी होती.

आता गंमत बघा. या सगळ्या तोडीत वड बऱ्यापैकी वाचला. का? तर त्याचं लाकूड रुळाखाली घालण्याच्या लायकीचं नाही. शिवाय वटसावित्री, मुंजा, गावदेव, कसली ना कसली भीती किंवा भक्ती त्याला चिकटलेली. आणि सावली. रस्त्याकडेला वड लावायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, रस्त्यांवर वड लावल्याची नोंद आहे, आणि कारणही दिलंय: माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. जनावरांचा उल्लेख मला विशेष वाटतो. आपल्या कुठल्या टेंडरमध्ये बैलाच्या सावलीचा विचार दिसतो का, शोधून बघा.

तर, रेल्वेने साग खाल्ला आणि वड राहिला. त्याची पाळी आली रस्ते रुंद व्हायला लागल्यावर. कारण वड उभा होता तो रस्त्याच्याच कडेला!

म्हणून होटगीहून आता सांगली जिल्ह्यात जाऊ. लांब वाटेल, पण एकच महामार्ग आहे. रत्नागिरी–नागपूर महामार्ग कोल्हापूर, सांगली, मंगळवेढा करत सोलापुरात येतो. त्याच रस्त्यावर मिरज तालुक्यात भोसे नावाचं गाव आहे. तिथे यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळ एक वड होता. लोक सांगायचे चारशे वर्षांचा. पसारा सुमारे ४०० चौरस मीटर.

या ‘चारशे वर्षां’बद्दल जरा थांबतो. वडाचं वय नेमकं सांगणं फार अवघड असतं. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजतात, त्यांचीच खोडं होतात, मूळचं खोड कुठलं हेच पुढे कळेनासं होतं. थंड देशातल्या झाडांसारखी वर्षाला एक अशी स्वच्छ वलयंही त्यात मिळत नाहीत. त्यामुळे तो आकडा गावाच्या आठवणीतला आहे. पण आजोबांच्या आजोबांनीही झाड एवढंच पाहिलं होतं, असं चार पिढ्या सांगत असतील, तर तीही इतिहासाची नोंदच म्हणायची.

२०२० चा जुलै. कोरोनाचे दिवस, सगळे घरात. महामार्गाच्या आखणीत हा वड जाणार हे लक्षात आलं, तेव्हा स्थानिक लोक आणि पर्यावरण कार्यकर्ते झाडापाशी उभे राहिले. ऑनलाईन सह्या गोळा झाल्या, फोटो फिरले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलली. रस्ता बाजूला सरकला, वड जागेवर राहिला. देशभर बातमी झाली. एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग वळला, ही काही रोजची गोष्ट नाही.

बातमी इथे संपली. झाडाची गोष्ट मात्र संपली नव्हती. २०२४ च्या पावसात तो वड कोसळला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मग एवढं सगळं करून काय मिळालं? काही जण तसं म्हणालेही. मला ते पटत नाही. चार वर्षांची सावली कमी नसते. पण एक प्रश्न राहतो. झाड वाचवणं म्हणजे आपण कुऱ्हाड थांबवणं एवढंच समजतो. वडासाठी त्याचं खोड हा अर्धाच भाग आहे. बाकी अर्धा जमिनीखाली, फांद्यांच्या पसाऱ्याच्याही पलीकडे पसरलेला असतो. त्या मातीवर डांबर घातलं, रोलर फिरवला, शेजारी चर खणला, की कुऱ्हाड न लावताही झाडाचा घास तुटतो. भोशाच्या वडाचं नेमकं काय झालं याचा निकाल मी इथे बसून देणार नाही. मी झाडांबद्दल एकूण बोलतोय.

कोलकात्याजवळ हावड्याला शिबपूरच्या वनस्पती उद्यानात एक प्रचंड वड आहे. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत तो जबर मोडला, खोडाला बुरशी लागली. शेवटी १९२५ मध्ये मुख्य खोडच काढून टाकावं लागलं. तरी झाड जिवंत आहे. आज त्याला तीन हजारांवर पारंब्या आहेत आणि त्याच त्याला धरून उभ्या आहेत. म्हणजे वडाला खोड नसलं तरी चालतं, जमीन मात्र लागते. त्या वडाभोवती ३३० मीटरचा एक गोल रस्ता बांधला होता. झाड वाढत वाढत त्या रस्त्याच्याही पलीकडे गेलं. आपल्याकडे रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्या ट्रकला लागतात म्हणून छाटतात आणि मग म्हणतात, झाड एका बाजूला कललं!

बरं, कायदा काय म्हणतो? इथे होटगीकरांनी, आणि खेड्यात राहणाऱ्या सगळ्यांनीच, नीट वाचा. महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे वारसा वृक्ष, असा दर्जा मिळाला. असं झाड तोडायचंच झालं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. छान आहे. फक्त या कायद्याच्या नावातच ‘नागरी क्षेत्रे’ असे शब्द आहेत. सोलापूर महापालिकेच्या हद्दीतल्या साठ वर्षांच्या झाडाला तो लागू होतो. हद्द ओलांडून होटगीकडे आलात की त्याच वयाचं झाड नुसतं झाड.

गावांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याला एक यादी जोडलेली आहे: साग, चंदन, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह वगैरे. ज्यांच्या लाकडाला किंवा फळाला बाजार आहे अशी झाडं त्यात जास्त. वड आणि पिंपळ त्यात नाहीत. लाकूड कामाचं नाही म्हणून जो वड रेल्वेतून वाचला, तो बाजारात किंमत नाही म्हणून यादीतूनही सुटला.

इथे आज्ञापत्राची आठवण येते. व्हॉट्सॲपवर ते शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतं. खरं तर ते रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५–१६ च्या सुमारास लिहिलं, महाराजांच्या राज्यनीतीच्या आधाराने. त्यात आरमाराला लागणाऱ्या लाकडाचा भाग आहे. साग घ्यायचा तर परवानगीने. आंबा, फणस यांना हात लावायचा नाही, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, तोडली तर तिच्या दुःखाला सीमा नाही. झाड अगदीच जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा कागद झाडाकडे माणसाच्या कष्टातून बघतो. आपण झाडाच्या बदल्यात दुभाजकात कण्हेर लावतो आणि आकडा जुळवतो.

गावाच्या हातात काहीच नाही असंही नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. जुनी झाडं त्यात लिहिता येतात. याच कायद्याखाली बंगळूरजवळच्या नल्लूरचं जुन्या चिंचांचं बन २००७ मध्ये देशातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. आपल्याकडे गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जुन्या जंगलाला तो दर्जा २०१४ मध्ये मिळाला. चिंचेच्या बनाला मिळू शकतो तर गावच्या वडाची निदान नोंद तरी होऊ शकते.

नोंद कशी करायची? खोडाचा घेर जमिनीपासून छातीच्या उंचीवर टेप लावून मोजायचा. टेप पुरला नाही तर सुतळी. चारही बाजूंनी फोटो, मोबाईलवरून लोकेशन. बुंध्याला सिमेंटचा पार घट्ट बांधलाय का, क्लासच्या जाहिरातींचे खिळे किती, बुडाशी कचरा जाळतात का, हेही लिहा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, पार फोडण्याआधी गावात हे दाखवता येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला झाडापाशी बसवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. भोशाला चारशे वर्षं हा आकडा कुणीतरी सांगितला, म्हणूनच तो पत्रात गेला.

तुमच्याकडची मापं आणि रेकॉर्डिंग पाठवा. पुढच्या भागात होटगीहून गदगच्या गाडीत बसू आणि विजापूरला उतरू. तिथे आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचा आहेत. तोपर्यंत, भेटूच.