तळटीप १७ : 'सातू खा म्हणणारा मंत्री'

१७. हे इकेदा हायातो (१८९९–१९६५, जपानी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी). हिरोशिमा प्रांतातले. क्योतो विद्यापीठातून कायदा शिकून १९२५ मध्ये अर्थखात्यात लागले आणि करवसुलीच्या कामात मुरले. मध्यंतरी अंगभर फोड येणाऱ्या दुर्धर त्वचारोगाने त्यांना काही वर्षे अंथरुणाला खिळवले, नोकरीही सुटली. बरे होऊन ते पुन्हा त्याच खात्यात परतले. युद्धानंतर अनेक वरिष्ठ पदभ्रष्ट झाले, तेव्हा १९४७ मध्ये ते खात्याचे उपमंत्री झाले. जपानमध्ये हे पद राजकारण्याचे नसून आपल्याकडच्या सचिवासारखे असते. जानेवारी १९४९ मध्ये संसदेवर निवडून आले आणि पुढच्याच महिन्यात योशिदा मंत्रिमंडळात अर्थमंत्री!

मूळ मजकुरातला टोमणा डिसेंबर १९५० चा. कमी मिळकतीच्या माणसाने सातू जास्त खावा, बऱ्या मिळकतीच्याने भात, अशा अर्थाचे ते संसदेत बोलले. वर्तमानपत्रांनी त्याचे 'गरिबांनी सातू खावा' करून टाकले. विपर्यास खरा, पण फार मोठा नव्हे. १९५२ मध्ये, काही छोटे धंदे बुडून मालकांनी जीव दिला तरी इलाज नाही, या आशयाच्या उत्तरामुळे अविश्वास ठराव संमत झाला आणि व्यापार-उद्योग मंत्रिपद गेले.

हेच गृहस्थ जुलै १९६० मध्ये पंतप्रधान झाले आणि दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना त्यांनी आणली. ते त्याआधीच साधले. घशाच्या कर्करोगामुळे तोक्यो ऑलिंपिकच्या समारोपानंतर दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबर १९६४ रोजी, त्यांनी पायउतार होण्याचे जाहीर केले.