दोनदा भाडं भरलेला लिफाफा

मॅडमनी माझा आलेख दोन मिनिटं पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हे लिफाफे जपून कोणी ठेवले?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन महिने खपून मी तो आलेख केला होता. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खासगी एक्स्प्रेस कंपन्यांवर आहे. सोन्याच्या शोधानंतर कॅलिफोर्नियात या कंपन्यांनी सरकारी टपालाच्या बरोबरीने, खरं तर त्याच्या नाकावर टिच्चून, पत्रं वाहिली. सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन कागद पाहणं माझ्या फेलोशिपमध्ये बसत नव्हतं. म्हणून मी फिलाटेलीच्या, म्हणजे टपाल संग्रहाच्या, लिलावांचे ऑनलाइन कॅटलॉग धरले. प्रत्येक लॉटचा फोटो, कंपनीचा शिक्का, गावाचं नाव, सगळं एक्सेलमध्ये भरलं. मग कोणत्या कंपनीचे किती लिफाफे मिळतात ते मोजलं आणि सरळ निष्कर्ष काढला: जिचे लिफाफे जास्त, तिचा धंदा मोठा. माझ्या आलेखात डोंगरातल्या चिल्लर कंपन्या चांगल्याच तगड्या दिसत होत्या. सिनॉप्सिसमध्ये तो घालायचंही ठरवून टाकलं होतं.

ही चूक कशी झाली ते सांगायचं तर आधी हे लिफाफे काय आहेत ते सांगावं लागेल.

२४ जानेवारी १८४८ ला कोलोमा इथल्या सटरच्या लाकूड गिरणीजवळ सोनं सापडलं. पुढच्या वर्षी जगभरातून माणसं येऊन धडकली. टपाल न्यूयॉर्कहून बोटीने पनामापर्यंत, तिथून जमिनीवरून ओलांडून पलीकडे, पुन्हा बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला असं यायचं. पॅसिफिक मेल कंपनीची 'कॅलिफोर्निया' ही पहिली आगबोट २८ फेब्रुवारी १८४९ ला तिथे लागली. पत्र सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोचायचं, आणि तिथेच अडकायचं. खाणीवरच्या छावण्या शेकडो मैल आत, आणि बहुतेक ठिकाणी पोस्टच नाही. पोस्टातल्या कारकुनांचा पगार वॉशिंग्टनच्या दराने, आणि बाहेर मजूर दिवसाला त्याच्या कितीतरी पट मिळवतोय. कोण टिकणार? पोस्टाच्या खिडकीसमोर इतक्या लांब रांगा लागायच्या की लोक रांगेतली आपली जागा विकायचे. आणि खाणकामगाराने एका पत्रासाठी काम सोडून शहरात यायचं म्हणजे कित्येक दिवसांची कमाई बुडाली.

ही अडचण धंद्यात बदलणाऱ्यांपैकी एक होता अलेक्झांडर टॉड. थंड पाण्यात उभं राहून सोनं धुणं त्याच्या प्रकृतीला झेपेना. मग १८४९ मध्ये त्याने छावण्यांत फिरून नावनोंदणी सुरू केली. एक डॉलर द्या, नाव यादीत घाला. ती यादी घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टात जायचा, त्या नावांची पत्रं शोधायचा आणि परत आणून द्यायचा. दर? पत्रामागे एक औंस सोन्याची भुकटी, म्हणजे सुमारे १६ डॉलर. आपल्या भाषेत अडीच-पावणेतीन तोळे सोनं, एका पत्राला! अर्थात हे आकडे टॉडच्या स्वतःच्या, नंतर सांगितलेल्या आठवणींतून आलेले आहेत हे लक्षात ठेवा. माणूस आपल्या तरुणपणाच्या कमाईबद्दल बोलताना किती काटेकोर असतो ते आपल्याला माहीत आहे.

पुढे अशा कंपन्या उगवल्या आणि मावळल्या. काही एका खोऱ्यापुरत्या, काही एका खेचरवाल्यापुरत्या. मोठ्यांमध्ये अ‍ॅडम्स अँड कंपनी आणि मार्च १८५२ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली वेल्स, फार्गो अँड कंपनी. एक्स्प्रेस म्हणजे आपल्याकडच्या अंगडियाची आठवण व्हावी असा प्रकार: सोनं, रोकड, पार्सल आणि पत्र, सगळं एकाच माणसाच्या भरवशावर. फेब्रुवारी १८५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या बँका कोसळल्या, त्यात अ‍ॅडम्स कायमची बुडाली. वेल्स फार्गोचे दरवाजे काही दिवस बंद राहून पुन्हा उघडले. त्यानंतर मैदान जवळपास तिचंच होतं.

आता गंमत बघा. पत्र वाहण्याचा हक्क कायद्याने सरकारचा होता. १८४५ च्या कायद्याने टपालमार्गांवर खासगी कंपन्यांना पत्रं वाहायला बंदी घातली होती. मग ह्या कंपन्या चालल्या कशा? वाट सरकारनेच काढून दिली. ऑगस्ट १८५२ च्या कायद्याने छापील तिकिटाचे लिफाफे काढायचं ठरलं, आणि असा लिफाफा वापरून टपालखर्च आधीच भरलेला असेल तर पत्र टपालाबाहेरून नेलं तरी चालेल, अशी सूट मिळाली. १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज नेस्बिटने छापलेले ते लिफाफे बाजारात आले. वेल्स फार्गोने ते घेतले आणि त्यावर स्वतःचा छाप मारला: आमच्या कॅलिफोर्निया आणि किनारी मार्गांवरचं भाडं भरलेलं आहे. या छापाला संग्राहक 'फ्रँक' म्हणतात.

असा एक लिफाफा स्क्रीनवर मोठा करून पाहा. उजवीकडे वर वॉशिंग्टनचं उठावदार डोकं असलेलं तीन सेंटचं लाल सरकारी तिकीट. शेजारी किंवा डावीकडे कंपनीचा फ्रँक. आणि तिकीट रद्द करणारा शिक्का? तोही कंपनीचा, बहुतेकदा निळ्या शाईतला, गावाचं नाव असलेला. सरकारी पोस्टाने या पत्राला हातही लावलेला नाही. तरी पत्र पाठवणाऱ्याने सरकारला तीन सेंट दिलेत, आणि वर कंपनीला तिचं भाडं. ज्या सेवेचा उपयोगच नाही तिचे पैसे लोक हसतखेळत भरत होते, कारण कंपनीच्या एजंटावर त्यांचा विश्वास होता. राज्यसंस्थेचा हक्क कागदावर, आणि प्रत्यक्ष हात दुसऱ्याचे: हे सांगायला मला दहा पानं लागली असती, ते साधारण पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दिसतं. वेल्स फार्गोची ही पत्रसेवा १८९५ पर्यंत चालली. रेल्वे १८६९ मध्ये येऊनसुद्धा!

म्हणजे लिफाफा हे साधन म्हणून उत्तम आहे. माझी चूक एक लिफाफा वाचण्यात झाली नव्हती, शंभर लिफाफे मोजण्यात झाली होती.

संग्राहकाला काय हवं असतं? दुर्मीळ वस्तू. वेल्स फार्गोचे साधे लिफाफे भरपूर मिळतात, त्यामुळे ते स्वस्त, कितीतरी वेळा ढिगाने एकाच लॉटमध्ये विकले जाणारे. पण एखादी कंपनी दोन उन्हाळे चालून बंद पडली असेल आणि तिच्या शिक्क्याचे तीनच लिफाफे माहीत असतील, तर त्यातला प्रत्येक लिफाफा मोठ्या लिलावात, स्वतंत्र लॉट म्हणून, रंगीत फोटोसह येतो. दहा-वीस वर्षांनी मालक बदलला की पुन्हा येतो. मी तोच लिफाफा तीन कॅटलॉगांत तीनदा मोजला होता. एका कोपऱ्यातला डाग सारखाच दिसला तेव्हा ते लक्षात आलं. तर, माझा आलेख कंपन्यांच्या धंद्याचा नव्हताच. तो संग्राहकांच्या हौसेचा होता.

दुसरा भाग जास्त त्रासदायक आहे. छावणीतल्या माणसाला आलेलं पत्र तंबूत, खिशात, पावसात राहिलं, माणूस पुढच्या खाणीवर गेला, पत्र संपलं. त्याने घरी पाठवलेलं पत्र मात्र पूर्वेकडच्या एखाद्या घराच्या माळ्यावर ट्रंकेत टिकलं. व्यापारी पेढ्यांनी आपली पत्रं गठ्ठे बांधून ठेवली, म्हणून तीही टिकली. एकट्या, फिरत्या, गरीब माणसाला आलेली पत्रं या संग्रहांत कमीच असणार, मग ती वाहिली कितीही गेलेली असोत. चिनी मजूर आणि व्यापारी हे एक्स्प्रेसचे मोठे गिऱ्हाईक होते. वेल्स फार्गोने १८७८ आणि १८८२ मध्ये चिनी पेढ्यांच्या सूची छापल्या, त्या काही उगाच नाही. पण माझ्या एक्सेलमध्ये चिनी पत्ता असलेले लिफाफे बोटावर मोजण्याइतके. त्या सूची पाहिल्या नसत्या तर मी खुशाल लिहिलं असतं की चिनी लोक ही सेवा फारशी वापरत नव्हते.

पोनी एक्स्प्रेसचं उदाहरण सगळ्यांना आवडतं, म्हणून थोडक्यात. ३ एप्रिल १८६० पासून ऑक्टोबर १८६१ पर्यंत, जेमतेम दीड वर्ष, मिसुरीतल्या सेंट जोसेफपासून सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे १,९०० मैल घोडेस्वार दहाएक दिवसांत पत्रं न्यायचे. सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर, १८६१ च्या जुलैपासून एक डॉलर. तारयंत्राची लाइन जोडली गेली आणि धंदा बंद. आज तिचे २५० च्या आसपास लिफाफे माहीत आहेत आणि एकेकाचा इतिहास संग्राहकांनी इतक्या बारकाईने नोंदवलाय की आपण विद्यापीठातल्यांनी लाजावं. त्यातल्या दोघांवर लिहिलंय की १८६० मध्ये इंडियन लोकांनी पळवलेल्या टपालातून हे परत मिळालं. १८६० च्या जुलैत निघालेलं ते पत्र न्यूयॉर्कला मे १८६२ मध्ये पोचलं. उलट 'अनाथ मुलांना प्राधान्य' ही घोडेस्वार हवेत म्हणून दिलेली प्रसिद्ध जाहिरात, जी प्रत्येक पर्यटन दुकानात मिळते, ती त्या काळच्या कोणत्याही वर्तमानपत्रात आजवर सापडलेली नाही. वस्तू खरी असली की तिच्याभोवतीच्या गोष्टीही खऱ्या वाटू लागतात, इथे सांभाळा.

आणि वस्तू तरी खरी असतेच असं कुठे आहे? त्या काळचा अस्सल सरकारी लिफाफा मिळवणं फारसं अवघड नाही. त्यावर दुर्मीळ कंपनीचा बनावट शिक्का मारला की किंमत कुठल्या कुठे जाते. पोनी एक्स्प्रेसच्या तिकिटांच्या तर उघड नकला छापल्या गेल्या आहेत. म्हणून न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का, ते पाहायचं.

तारखेचंही तसंच. एक्स्प्रेसच्या बऱ्याच शिक्क्यांवर वर्षच नसतं, आणि आतलं पत्र कधीच वेगळं विकलं गेलेलं असतं (हा प्रकार पाहिला की माझा जीव तुटतो). मग लिफाफ्यावरच्या तिकिटाचा साचा मदतीला येतो. दोन्ही बाजूंना चांदणी असलेला साचा १८६० चा. यादवी युद्ध पेटल्यावर दक्षिणेकडे अडकलेला साठा वापरता येऊ नये म्हणून सरकारने १८६१ मध्ये जुनी तिकिटं-लिफाफे बाद केले आणि गुलाबी रंगाचा नवा लिफाफा काढला. त्यामुळे चांदणीवाला लिफाफा दिसला की साधारण दीड-दोन वर्षांची खिडकी मिळते. पत्र मिळणाऱ्या व्यापाऱ्याने कडेला पोचल्याची तारीख टिपली असेल तर सोन्याहून पिवळं.

मॅडमच्या प्रश्नानंतर मी ती फाइल टाकून दिली नाही, रकाने वाढवले. आता प्रत्येक लिफाफ्यासमोर हे आहे: कोणाला लिहिलेला, कुठल्या गठ्ठ्यातून आलेला, पहिल्यांदा कोणत्या संग्रहात दिसला, याआधी कितीदा विकला गेला, प्रमाणपत्र आहे की नाही. एकच लिफाफा एकदाच मोजला जातो. शिवाय वेल्स फार्गोच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या विल्टसी संग्रहाची वेगळी शीट केली, कारण तो अर्नेस्ट विल्टसी या एका माणसाच्या आवडीने जमलेला आहे. याच विल्टसीने १९३१ मध्ये खेचरांवरून चालणाऱ्या एक्स्प्रेसवर पुस्तकही लिहिलं. म्हणजे माझं दुय्यम साधन आणि माझा संग्रह, दोन्हींमागे डोकं एकच! हे कळल्यावर प्रकरणातल्या निम्म्या तळटीपा मी पुन्हा तपासायला घेतल्या आहेत.

आलेख गेला. सिनॉप्सिसमध्ये आता "कोणती कंपनी मोठी होती" हा प्रश्न नाही. त्या जागी आहे: लोक दोनदा भाडं का भरत होते. 'कुठल्या गठ्ठ्यातून' हा रकाना अजून बहुतेक ठिकाणी रिकामा आहे, आणि पुढच्या महिन्यातल्या बैठकीत मॅडम पहिल्यांदा तोच उघडणार, हे मला पक्कं माहीत आहे.